सगळं गाव मध्यम

नारायणगावजवळच्या येडगावात यंदा एकही हुशार शेतकरी सापडणार नाही. अडाणीही सापडणार नाही. हे सांगायला पंचांग लागत नाही. कृषी विस्तार विषयातला एम.एस्सी.चा एखादा प्रबंध चाळला तरी पुरे. त्यातल्या शेतकऱ्याचं वय मध्यम, शिक्षण मध्यम, ज्ञान मध्यम आणि सुधारित तंत्रज्ञानाचा अवलंब, अर्थातच, मध्यम.

यामागची युक्ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. प्रश्नावलीतल्या गुणांची सरासरी काढायची आणि सोबत प्रमाण विचलन. सरासरीतून ते वजा केलं की त्याखालचे ‘कमी’, मिळवलं की त्यावरचे ‘जास्त’, उरलेले ‘मध्यम’. गुण नेहमीसारखे विखुरलेले असतील, तर शंभरातले सुमारे 68 जण मधल्या गटात पडतातच. उद्या येडगाव रिकामं करून तिथं इस्रायलचे शेतकरी आणून बसवले, तरी बहुसंख्य मध्यमच निघतील. थोडक्यात, संशोधकाची एसटी नारायणगावला पोचायच्या आधीच निष्कर्ष येडगावात मुक्कामाला आलेला असतो.

तरीही संशोधक येतो, कारण परिशिष्टात प्रश्नावली जोडावी लागते. टोमॅटोच्या तार-बांबूखाली मुलाखत सुरू होते.

“काका, ठिबक आहे का?”

“हाये.”

“मल्चिंग?”

“तेबी हाये. पण बाळा, फळ पिकताना निम्मं लाल, निम्मं पिवळं व्हतंय. त्याचं काय ते सांग.”

“त्याला रकाना नाही काका. अडचणींत टाकतो.”

“मग हे पण टाक. लाइट रात्रीची येती, पाणी भराया निघालं की उसात बिबट्या.”

“बिबट्या ‘इतर’मध्ये येईल.”

काका कधीपासून ‘इतर’मध्येच राहतात, हे त्या मुलाला ठाऊक नसतं असं नाही. तो स्वतः शेतकऱ्याचाच पोरगा. त्याचे वडीलही दुसऱ्या कुणाच्या तरी तक्त्यात मध्यम म्हणून नोंदलेले असणार. पण गाइडने सिनॉप्सिस मंजूर केला आहे, आणि मंजूर सिनॉप्सिसमध्ये टोमॅटोला रोग पडण्याची तरतूद नाही.

रोग मात्र सिनॉप्सिस वाचत नाही. 2020च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातल्या टोमॅटोवर ‘तिरंगा’ आला. फळाचा रंग फुटका, बाजारात कुणी हात लावेना. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले आणि तपासणीत विषाणू सापडले. काकडीवरचा मोझॅक विषाणूही त्यांतच होता. म्हणजे संशोधन म्हणतात ती गोष्ट या देशात होते आणि शेतकऱ्याला ती हवीही असते. अडचण इतकीच, की पीक संरक्षणाची धड शिफारस करायची तर काही हंगामांच्या चाचण्या लागतात आणि एम.एस्सी. दोन वर्षांत उरकते. त्यातलं बरंचसं लेक्चर, परीक्षा आणि एमपीएससीच्या क्लासने खाल्लेलं. हातात उरतो एक हंगाम. एका हंगामात विषाणू समजत नाही. ‘मध्यम’ मात्र झटकन समजतो.

पुढे प्रबंध इंग्रजीत लिहून होतो. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. प्रत्येक तक्त्याखाली ‘सदर निष्कर्ष पूर्वीच्या संशोधकांच्या निष्कर्षांशी मिळताजुळता आहे’ हे पालुपद. मिळताजुळता असणारच, गाळणी तीच आहे. शेवटी शिफारस: विस्तार यंत्रणेने शेतकऱ्यांचे प्रबोधन करावे. ती वाचायला काकांना राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं ग्रंथालय गाठावं लागेल, आणि काका तर पाण्याच्या पाळीवर आहेत.

शेजारच्या खोडदला आणि आसपासच्या परिसरात मिळून 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले क्षीण संदेश त्या टिपतात. काकांनी आपला प्रश्न त्या दिशेने ओरडून पाहायला हरकत नाही. प्रश्नावलीपेक्षा तिथं आशा जास्त.

तोवर आमची एक साधी सूचना. अशा प्रबंधाची तोंडी परीक्षा गावच्या पारावर, मराठीतून घ्यावी. बहिःस्थ परीक्षक म्हणून प्रबंधासाठी मुलाखती दिलेल्या उत्तरदात्यांपैकीच कुणीही पाच. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारावा: “यातलं आमी उद्या सकाळी काय करायचं?” उत्तर आलं तर पदवी, नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा लागवड.

ही सूचना समितीपुढे गेल्यास काय उत्तर येईल, तेही सांगून ठेवतो. संशोधन पद्धतीचं ज्ञान पुरेसं नसल्याने शेतकऱ्यांना परीक्षक नेमता येत नाही, असं सविनय कळवण्यात येईल. म्हणजे काकांच्या नावापुढे एकदाचं ‘कमी’ लागेल, आणि तेवढ्यासाठी कुणालाही सरासरी काढावी लागणार नाही.