खांब पाहावे जाऊन

मे महिन्यात कंबोडियात अंगाची लाही लाही होते. नेमका तोच मुहूर्त साधून मुंबईतल्या आमच्या पवईची मंडळी अंकोरची देवळं बघायला निघतात, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच. तापलेले दगडी खांब, पुढे गाईड, मागे घामाघूम आई-बाबा. ‘‘बघ राजा, केवढं प्राचीन!’’ राजा विचारतो, एसी कुठाय?

मुळात पवईकराला खांबांचं एवढं अप्रूप का असावं? इथल्या हिरानंदानी संकुलात ग्रीस-रोम केव्हाच वसलंय. इमारतींची नावं ऑलिम्पिया, ओडिसी, डेल्फी. खांब, कमानी, सगळं शाबूत. माथ्यावर कबुतरांचं बिऱ्हाड, पायथ्याशी डिलिव्हरीवाल्याची वॉचमनशी हुज्जत. सरकारने 1986च्या करारात ही जमीन बिल्डरला हेक्टरी एक रुपया भाड्याने दिली होती, ती 40 आणि 80 चौरस मीटरच्या परवडणाऱ्या घरांसाठी. या घरांचं उत्खनन 2012 साली उच्च न्यायालयाला करावं लागलं.

अस्सल प्राचीन हवंय? रिक्षा करा आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने महाकाली लेण्यांकडे निघा. वाटेत मेट्रो 6चे खांब लागतील. ट्रॅफिकच्या कृपेने प्रत्येक खांब सावकाश निरखता येतो. लेण्यांत मोठ्या चैत्यगृहात गोल दालन आहे, आत स्तूप आणि भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या. बघायला कोणी नाही. ‘महाकाली केव्हज रोड’वरची ऑफिसं सगळ्यांना ठाऊक, केव्हज तेवढ्या कुणाला ठाऊक नाहीत.

डोंगरापलीकडे कान्हेरी. शंभरावर लेणी, आणि लेण्यालेण्यापाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. पावसाचं पाणी पन्हळींतून पोढीत उतरायचं आणि भिक्खूंचा उन्हाळा निभायचा. त्यांना ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नव्हती, पाणी होतं. आमचं उलटं.

पवई तलावही इंग्रजांनी 1890 साली पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला. थोड्याच वर्षांत ते पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आज तलावाची क्षमता 545 कोटी लिटर, घरच्या माठासाठी त्यातलं घोटभरही नाही. तरी दर पावसाळ्यात ‘पवई तलाव ओसंडला’ ही बातमी झळकते आणि पवईकराचा ऊर भरून येतो.

तर अंकोरला गाईड सांगत असतो: इथे मैलोन्‌मैल पसरलेले जलाशय होते, कालवे होते. आधी दुष्काळ पडले, मग अतिवृष्टी झाली, पाण्याची व्यवस्था कोलमडली. नगरी ओस पडायला तेही एक कारण झालं.

आमचे सेक्रेटरी चुकचुकतात. ‘‘एवढी देवळं बांधली, पण पाण्याचं प्लॅनिंग नाही हो!’’

तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो: ‘आज पाणी कमी आलंय, टँकर सांगू का?’

सेक्रेटरी तिथूनच उत्तर टाकतात: ‘दोन सांगा. मेंटेनन्समध्ये घालू.’ आणि टोपी नीट करून भग्न नगरीसमोर सेल्फीला उभे राहतात.