एक दशांश मिलिमीटरचा तंटा

जुन्या शर्यती सायकलीस नवे फ्रीव्हील बसविण्याचा संकल्प ज्या सद्‌गृहस्थाने एकदा सोडला, त्याने कोणत्या मुलुखाच्या कायद्यान्वये पुढील दिवस कंठावेत, हे त्याच्या मागच्या हबवरील आटे ठरवितात. इंग्रजांचा व्यास ३४.८ मिलिमीटर आणि इंचास २४ आटे. इटलीची सनद निराळी, तरी इंग्रजी हबवर तिची बहुधा निमूट तामिली होते. दशमानाभिमानी फ्रेंचांनी मात्र ३४.७ मिलिमीटर व मिलिमीटरास एक आटा अशी स्वतंत्र वहिवाट चालविली. हा एक दशांशाचा फरक चर्मचक्षूंस अगोचर असला, तरी ॲल्युमिनियमच्या हबास तो तत्काळ उमगतो. माझ्या फ्रेंच सायकलीवर एका अनुभवी, म्हणजे वयोवृद्ध, कारागिराने इंग्रजी फ्रीव्हील “बसतंय की!” या आश्वासनासह बसविले, आणि पहिल्याच चढणीवर ते हबचे आटे सोलून असे मोकळे झाले की, नावातील ‘फ्री’ची इतकी शब्दशः अंमलबजावणी उत्पादकासही अभिप्रेत नसावी.

फ्रीव्हीलच्या दर्जाविषयी शौकिनांचे निकष उदात्त असतात. दात्यांची झीज, आतील खिट्यांचा नाद, मागचे चाक बसते तेथे फ्रेममध्ये पाच चकत्यांसाठी १२० आणि सहांसाठी १२६ मिलिमीटर अंतर या गौण बाबी होत. मूळ खोक्यातील, ग्रीस वाळून चिक्की झालेली रेजिना, म्हणजे त्या नावाचे फ्रीव्हील, हाती आली की मूल्यमापन संपते. ती सायकलीस कोणी लावीत नाही. ती कपाटात, पाहुण्यांस दिसेल अशी ठेवतात.