हाउन्सफील्ड यांचा अर्ज बाद

मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्या मुलीला नातेवाईक पहिल्याच दिवाळीत बीपी मोजायला बसवतात. पुढची चार वर्षं ती हृदयाची रचना शिकते. शिवाय ईसीजीच्या जेमतेम मिलिव्होल्टभर संकेतातून घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण गाळायलाही.

शेवटच्या वर्षी कॅम्पसवर सॉफ्टवेअर कंपनी येते. तिथे हृदयाबद्दल विचारत नाहीत, जावाबद्दल विचारतात.

सीटी स्कॅनर घडवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीच नव्हती, आणि नोकरी होती ईएमआयमध्ये. बीटल्सच्या रेकॉर्डी काढणारी तीच कंपनी! आपल्याकडे अर्ज करते, तर ‘सर्व सत्रांत किमान ६० टक्के’ या रकान्यापाशीच अडकले असते. ओळखीनं चिकटलेच कुठे, तर हॉस्पिटलनं आधी त्यांना वॉर्डातला प्रिंटर बघायला पाठवलं असतं.