सगळ्यांचं डोहाळजेवण

मराठी सिनेमात नायिकेला दिवस गेले की पहिली उलटी तेवढी तिची, पुढचं सगळं इतरांचं. सासूचे डोळे भरतात, आई डिंकाचे लाडू वळायला घेते, सासरे नातवाच्या शाळेची चौकशी सुरू करतात. नायिका कोपऱ्यात सरबत पीत बसलेली.

‘मुंबई-पुणे-मुंबई’चंच घ्या. 2010 मध्ये मुंबईची गौरी स्थळ नाकारायला पुण्यात आली आणि दिवसभर त्याच मुलाबरोबर शहर हिंडली. 2015 मध्ये लग्न. डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात पाळण्याची चाहूल, तीही ठरवलेलं नसताना. ‘आत्ताच मूल हवं का?’ हा प्रश्न गल्ल्यावर डोळा असलेल्या विनोदी सिनेमात विचारला, म्हणून दिग्दर्शक सतीश राजवाडे यांना शंभरपैकी साठ. चाळीस कापले, कारण हा प्रश्न गौरीने जिच्याकडे न्यावा अशी लक्षात राहणारी एक मैत्रीण त्यात नाही. प्रशांत दामले आहेत, सुहास जोशी आहेत, डोहाळजेवणाचं गाणंही आहे.

खऱ्या पुण्यातलं डोहाळजेवण तरी काय वेगळं? झोपाळा, फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण, समोर फोटोग्राफर. मग दोन झाकलेल्या वाट्या: पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सोनोग्राफीच्या खोलीत ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते. 1994 चा कायदा डॉक्टरांना लागू. वाटीला कोण विचारतो? आणि या गर्दीत शिंकताना काय होतं, रात्री पोटरीत गोळा आला की नवऱ्याच्या घोरण्याबद्दल काय वाटतं, हे ती गरोदर बाई कोणाला सांगणार? हे मैत्रिणीशी बोलायचे विषय. विनोदही नेमका तिथेच आहे.

‘बेब्स’ (2024) या अमेरिकन सिनेमाने तो बरोबर हेरला. तिथे एकीला थिएटरातच कळा सुरू होतात आणि मैत्रीण सोबत असते. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये असं झालं, तर आधी मागच्या रांगेतून ‘खाली बसा’ ऐकू येईल. इतकं लांब जायचं नसेल, तर अंजली मेनन यांचा ‘वंडर विमेन’ (2022) पाहा: गरोदर बायकांचा वर्ग, आणि त्यात आपली अमृता सुभाष मराठी जया झालेली. सिनेमा जरा माहितीपत्रकासारखा आहे, मान्य. पण मराठी गरोदर बाईला पडद्यावर मैत्रिणी मिळण्यासाठी मल्याळी दिग्दर्शिका लागावी, हे काही भूषण नव्हे.

मराठीत बायकांची मैत्री चालत नाही असंही नाही. ‘झिम्मा’ (2021) चालला, ‘बाईपण भारी देवा’ (2023) तर धो धो चालला. पहिल्यात मैत्रीसाठी लंडनची सहल काढावी लागली, दुसऱ्यात सख्ख्या बहिणी असूनही मंगळागौरीची स्पर्धा. आणि दोन्हीकडे जास्त करून बाळंतपणं उरकलेल्या बायका. म्हणजे हसण्याची परवानगी मिळते, पण मुलं हातावेगळी झाल्यावर. मधल्या काळासाठी ‘नाच गं घुमा’ (2024) आहे. गौरी झालेली मुक्ता बर्वेच इथे नोकरदार आई आहे, आणि तिचा संसार चालतो तो नम्रता संभेराव यांच्या आशाताईंच्या जिवावर. सिनेमा झकास आहे. फक्त आईला अखेर मैत्रीण मिळाली, ती महिन्याच्या पगारावर.

तेव्हा निर्मात्यांनो, पुढची गोष्ट सातव्या महिन्यात सुरू करा. दोन मैत्रिणी घ्या आणि नातेवाइकांना पहिला अर्धा तास घराबाहेर ठेवा. लिहायला मात्र बाईच घ्या. ‘बाईपण’ वैशाली नाईक यांनी लिहिला होता, आणि त्याला बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, घोळक्याने गेल्या होत्या.