फुटलेल्या टायरची कैफियत

मनुष्याला जे आपल्या पुढे आहे त्याची चिंता वाटते, जे बरोबर आहे त्याचा कंटाळा येतो आणि जे मागून ओढले जात आहे त्याचा सोईस्कर विसर पडतो. हा नियम जितका संसाराला लागू आहे, तितकाच मोटारीमागे घरवजा ट्रेलर जोडून अमेरिकेची परिक्रमा करावयास निघालेल्या निवृत्त गृहस्थालाही लागू आहे. मोटारीच्या पुढच्या चाकात काही न्यून उत्पन्न झाले, तर स्टिअरिंग थरथरून तशी वर्दी देते. ट्रेलरच्या चाकाची बाजू मांडणारा असा कोणी वकील नसतो. ते तापते, फुगते, फुटते, त्याची साल सुटून निघते, आणि तरीही पुढे बसलेला सारथी एखाद्या नाट्यपदाच्या लयीवर निर्वेधपणे मान डोलावत असतो. ज्याला आपण ओढतो त्याचे दुःख आपल्याला बहुधा परक्याच्या तोंडूनच कळते.

या चाकाच्या निधनोत्तर हक्कांविषयी मला जे ज्ञान झाले ते सांगण्यापूर्वी टायर या वस्तूची वंशावळ देणे प्राप्त आहे. कारण या कुळावर दाव्यांचे आणि नकारांचे सावट आरंभापासूनच पडलेले आहे. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली सापडली. १८४४ साली त्याने तिचे अमेरिकन पेटंट मिळवले आणि पुढचे आयुष्य त्या हक्काचे उल्लंघन करणाऱ्यांवर फिर्यादी गुदरण्यात घालवले. १८५२ साली न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे डॅनियल वेब्स्टरसारखा विख्यात वक्ता त्याच्या बाजूने उभा राहिला, निवाडाही त्याच्यासारखा झाला, आणि तरीसुद्धा १८६० साली तो वारला तेव्हा त्याच्या शिरावर सुमारे दोन लाख डॉलरांचे कर्ज होते. आम्ही राहतो त्या ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी १८९८ साली त्याच्या नावाचा जो कारखाना निघाला, त्याच्याशी त्याच्या घराण्याचा काडीचाही संबंध नव्हता. हवा भरलेल्या टायरची कथा याहून निराळी नाही. बेलफास्टमधील डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो सिद्ध केला आणि पेटंटही घेतले. परंतु रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने तीच कल्पना १८४५ साली नोंदवून ठेवल्याचे उघडकीस आले आणि डनलॉपचे पेटंट रद्दबातल ठरले. ज्याने टायर घरोघरी पोहोचवला त्याचाच टायरवरील दावा जेथे नामंजूर झाला, तेथे माझ्यासारख्या निवृत्त अभियंत्याची काय कथा!

ट्रेलरचा टायर मोटारीच्या टायरहून निराळ्या जातीचा असतो, आणि ती जात त्याच्या अंगावर ताम्रपटासारखी कोरलेली असते. माझ्या ट्रेलरच्या चारही टायरांवर 'एसटी २२५/७५ आर १५' असे गोत्र आणि 'ई' ही भारश्रेणी होती. म्हणजे दर चौरस इंचास ८० पौंड या दाबाने हवा भरली असता प्रत्येकाने २,८३० पौंडांचे ओझे वाहावे, असा तो करार. त्याशेजारी सरकारी अनुक्रमांक असतो, आणि त्याचे शेवटचे चार आकडे ही टायरची जन्मपत्रिका होय: ते २३१९ असतील, तर प्रस्तुत जातक २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मास आला असे समजावे. ही पत्रिका टायरच्या एकाच कुशीवर पूर्णपणे छापण्याचा शिरस्ता आहे; आणि ज्याने टायर बसवला तो कारागीर जर विनोदी वृत्तीचा असेल, तर ती आतल्या बाजूस जाते, व पासष्टी उलटलेल्या गृहस्थाला हातात विजेरी घेऊन ट्रेलरखाली उताणे पडून तिचे वाचन करावे लागते. शेजाऱ्यांनी दोनदा रुग्णवाहिका बोलावण्याची तयारी दाखवली, ती याच अध्ययनकाळात.

शिवाय वेगाचा प्रश्न आहे. अशा टायरांना परंपरेने ताशी ६५ मैलांची मर्यादा असते. अलीकडे काहींना अधिक वेगाची सनद मिळाली आहे, परंतु माझे चौघे जुन्या वळणाचे होते. आता कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याने ५५ च्या वर जाऊ नये असा कायदा आहे, तर नेब्रास्कातील हमरस्त्यावर ७५ ची राजरोस मुभा आहे. म्हणजे सरकार परवानगी देते तेथे टायर देत नाही. आणि आपण टायरची आज्ञा शिरोधार्य मानून ६२ च्या संथ गतीने चाललो, तर मागचे ट्रकवाले जे हातवारे करतात त्यांची शिकवण कोणत्याही टायर-पुस्तिकेत दिलेली नसते.

अशाच एका ट्रकवाल्याने, जुलैच्या भर उन्हात, प्लॅट नदीच्या काठाने जाणाऱ्या आय-८० रस्त्यावर आमच्या बरोबरीने येऊन दीर्घ भोंगा वाजवला.

"अहो, तो आपल्याला काहीतरी सांगतोय," सौ. म्हणाल्या.

"लवकर चला म्हणत असेल."

"नाही हो, मागे बघा म्हणतोय. मागे काय आहे?"

"मागे आपला संसार आहे," मी म्हणालो.

आरशात क्षणभर निरखून सौ. म्हणाल्या, "होता."

टायर फुटतो असे आपण म्हणतो. पण ट्रेलरचा टायर नुसता फुटून स्वस्थ बसत नाही. उष्णतेने आतील पोलादी तारांचे पट्टे रबरापासून विलग होतात, वरची नक्षीदार साल सुटते, आणि चाक फिरत असल्यामुळे ती साल एखाद्या आसुडाप्रमाणे ट्रेलरच्या पोटावर फटके ओढत राहते. आमच्या चाकावरील पत्रा फाटला होता, मागच्या दिव्यांच्या तारा तुटल्या होत्या, आणि चाकाच्या बरोब्बर वर असलेल्या कपाटाच्या तळाला भोक पडून आतील तूरडाळ मक्यासाठी विख्यात असलेल्या त्या भूमीत मैलभर पेरली गेली होती. जोडीच्या आसावरील दुसऱ्या टायरने तेवढा वेळ दोघांचा भार एकट्याने वाहिला होता, व त्या निष्ठेचे पारितोषिक म्हणून त्यालाही निवृत्त करावे, असा मदतीस आलेल्या तरुणाने सल्ला दिला. स्टेपनी चढवून झाल्यावर तो रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ती मगर उचलून घ्या." रस्त्यावर पडलेल्या टायरच्या सालीला इकडचे ट्रकवाले मगर म्हणतात. "कशाला?" मी विचारले. "क्लेम करायचा असेल, तर मढे लागेल," एवढे बोलून तो पुढच्या पीडिताकडे निघून गेला.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात दप्तरांचे पर्व सुरू झाले. ट्रेलर बनवणाऱ्याकडे दाद मागितली, तेव्हा उत्तर आले, की छत, भिंती, दारे, शेगडी यांना आमची हमी आहे. टायर मात्र टायर बनवणाऱ्याचा. टायरवाल्यांच्या दप्तराने नम्रपणे कळवले, की टायरची हमी टायरपुरती. त्याने ट्रेलरचे जे नुकसान केले त्यास 'आनुषंगिक हानी' म्हणतात आणि ती आमच्या शर्तींतून वगळलेली आहे. विमेवाल्यांचे म्हणणे याच्या नेमके उलट: पत्रा आमचा, टायर आमचा नव्हे, आणि पत्र्याचाही आरंभीचा हिस्सा आपणच सोसावयाचा. तूरडाळीचा उल्लेख कोणाच्याच शर्तींत नव्हता. एका टायरच्या मृत्यूने तीन दप्तरे जागी झाली, आणि तिघांनीही आपापल्या हद्दी निश्चित करण्यात जी तत्परता दाखवली ती पाहून सरहद्दीचे तंटे मिटवणाऱ्या जुन्या मामलेदारांनीही तोंडात बोटे घातली असती.

टायरवाल्यांनी मग जी प्रश्नावली धाडली, तिच्या अध्ययनाने माझी दृष्टी खऱ्या अर्थाने उघडली. हमी म्हणजे टायरच्या गुणांविषयी कारखानदाराने दिलेला शब्द, अशी माझी आजवर समजूत होती. ती प्रश्नावली वाचल्यावर कळले, की हमी ही वस्तुतः मालकाच्या चारित्र्याची चौकशी असते. हवा कितीची होती? ती चाक गार असताना मोजली, की धावून तापल्यावर? शेवटची केव्हा मोजली आणि त्यास पुरावा काय? प्रत्येक आसावर भार किती होता? वेग किती होता? ट्रेलर उन्हात उभा असे, की सावलीत? चाके झाकलेली असत काय? अरुंद जागी वळवताना जोडीच्या आसांवरील टायर आडवे खरडत जातात, हे आपणास ठाऊक आहे काय? मुलगी दाखवण्याच्या प्रसंगीही आमच्या घराण्याची इतकी कसून तपासणी झाल्याचे स्मरत नाही. आणि खेदाची गोष्ट अशी, की यांतील एकही प्रश्न गैरवाजवी नव्हता. कमी हवेने टायरच्या कुशी अधिक लवतात, लवण्याने उष्णता वाढते, उष्णतेने पट्टे सुटतात. जादा भार आणि जादा वेग यांचा परिणाम तोच. आणि ऊन तर बसल्या जागी रबर खाते. पदार्थविज्ञान सर्वस्वी कंपनीच्या बाजूला होते. जो एकमेव साक्षीदार माझ्या बाजूने बोलू शकला असता, त्याच्या चिंध्या एका पोत्यात भरून मी आयोवा आणि इलिनॉय ओलांडून घरी आणल्या होत्या.

येथे सौ.चा स्वभाव कामी आला. कागदाचा कोणताही चिटोरा, तो छापील असल्यास, टाकून देणे त्यांच्या धर्मात बसत नाही. जाताना आयोवातील वॉलकॉट येथे, जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवणाऱ्या ट्रकतळावर, निव्वळ कुतूहलापोटी आम्ही वजनकाट्यावर चढलो होतो. मोटारीचे आणि ट्रेलरच्या आसांचे वजन निराळे दाखवणारी ती चिठ्ठी सौ.नी मेथीच्या डब्यात जपून ठेवली होती. आसांवरचा भार मर्यादेच्या कितीतरी आत! मी माझ्या हवेच्या वहीची नक्कल, जन्मपत्रिकेचे छायाचित्र, पोत्यातील मढ्याचे चहूबाजूंनी घेतलेले दर्शन आणि मेथीचा किंचित सुवास असलेली ती चिठ्ठी, अशी कैफियत सविस्तर मसुद्यासह रुजू केली. दरम्यान माझ्या ध्यानात आले, की २००० साली लक्षावधी सदोष टायर परत मागवण्याची पाळी आल्यावर अमेरिकन काँग्रेसने जो कायदा केला, त्यान्वये कारखानदारांना अशा दाव्यांची माहिती सरकारास कळवावी लागते. म्हणजे दावा फेटाळला गेला तरी आपली तूरडाळ निदान लोकशिक्षणाच्या कामी आली, असे समाधान मी अगोदरच योजून ठेवले होते.

त्याची गरज पडली नाही. दावा मंजूर झाला. अशा भरपाईची रीत नक्षीच्या खोलीवर ठरते. ती खोली इंचाच्या बत्तिसाव्या हिश्शांत मोजतात, आणि जितकी नक्षी उरली तितकी भरपाई. ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच मरतो, तो बहुधा वयाने किंवा तापाने जातो. त्यामुळे माझ्या मृताच्या सालीवर नक्षी तारुण्यातल्यासारखी ताजी होती, आणि हिशेब माझ्याकडे झुकला. मात्र ही भरपाई रोख मिळत नाही. ज्या टायरने आपला विश्वासघात केला, त्याच्याच कारखान्याचा, त्याच मापाचा, त्याचाच सख्खा भाऊ विकत घेताना ती रक्कम वजा होते. बसवणावळ, कर आणि मृताच्या विल्हेवाटीचे शुल्क आपण द्यावयाचे. दुखावलेल्या ग्राहकाचे सांत्वन करण्याची याहून काटकसरी पद्धत माझ्या वाचनात नाही.

नवा टायर आला. त्याला आसावर चढवावे असे माझे मत पडले, पण सौ.नी निराळा हुकूम सोडला. धावणारी चारही चाके दुसऱ्या कारखान्याची घेण्यात आली, आणि या बंधुराजांची नेमणूक ट्रेलरच्या पाठीवर, स्टेपनीच्या जागी, सुबक आच्छादनासह झाली: पद प्रतिष्ठेचे, काम शून्य, जसे पडलेल्या मंत्र्याला आपल्याकडे राज्यपाल करतात. त्याला आता भार नाही, वेग नाही, ऊन नाही. हवा तर मी दर पंधरवड्यास गार असताना मोजतो. प्रश्नावलीतील प्रत्येक शर्त इतक्या निष्कलंकपणे पाळणारा टायर त्या कारखान्याच्या इतिहासात दुसरा झाला नसेल. आणि तो रस्त्याला लागत नाही तोवर त्याच्या हमीविषयी कंपनीचे आणि माझे तिळमात्रही मतभेद होण्याचा संभव नाही.