भीतीचा मुखत्यारनामा

तंबाखूच्या वेष्टनावर सचित्र इशारा छापण्याचे फर्मान सरकारने ३१ मे २००९ पासून अमलात आणले, तेव्हा खाण्याच्या तंबाखूवर अवतरलेला विंचू पाहून आमच्या पुरुषवर्गाने, वहाणेने विंचू ठेचणाऱ्या पूर्वजांचे स्मरण करीत, पुडी निर्धास्तपणे तळहातावर रिकामी केली. आणि १ एप्रिल २०१६ पासून वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला, तेव्हा त्याने कर्करोगाच्या चित्रावर अंगठा ठेवून पानटपरीवाल्याकडे शांतपणे काडेपेटी मागितली.

यावरून इशारा वाया गेला असे मानणे मात्र घाईचे ठरेल. तो रीतसर बजावला जातो. फक्त ज्याच्या नावे निघाला त्याच्यावर नव्हे. धुण्यापूर्वी सदऱ्याचा खिसा चाचपणाऱ्या गृहिणीच्या हाती ते पाकीट लागते, चित्रातल्या मुखाच्या जागी तिला यजमानांचेच मुख दिसू लागते, आणि संकष्टीला आणखी एक नवस जोडून ती पाकिटावर २०१८ पासून छापला जाणारा व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक दिनदर्शिकेवर उतरवून ठेवते. तात्पर्य, 'नातिचरामि' म्हणतानाच वराने वधूस एक अलिखित मुखत्यारनामा करून दिलेला असतो: धूर आम्ही जातीने घेऊ, त्याची भीती आमच्या वतीने आपण बाळगावी.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के स्त्रिया तंबाखूसेवी आढळल्या. पुरुष स्वभावतःच निर्भय आणि स्त्री स्वभावतःच भीरू, हा आमच्या विद्वानांचा लाडका सिद्धान्त या आकड्यांवर सुखाने विसावला असता. परंतु मशेरीने घात केला. पतीच्या पाकिटाने व्याकूळ होणारी गृहिणीच कित्येक घरांत तव्यावर भाजलेली मशेरी सकाळी दातांना लावते, तेव्हा तिच्या मुद्रेवर भयाचा लवलेश नसतो. कारण घरच्या डबीवर चित्र नसते, आणि तिच्या वतीने भिण्याचे मुखत्यारपद कोणी स्वीकारलेलेही नसते.

तेव्हा आरोग्यखात्यास आमची नम्र सूचना अशी, की प्रत्येक पाकिटासोबत एक पोचपावती जोडावी आणि तीवर 'हे चित्र मी स्वतः पाहिले व स्वतः भ्यालो. मुखत्यारामार्फत भ्यालेले ग्राह्य नाही' असा मजकूर छापून ओढणाराची दस्तुरखुद्द सही घ्यावी. पुरुषवर्ग या योजनेस सहर्ष मान्यता देईल, याविषयी आम्ही निःशंक आहोत; पावत्या भरून, क्रमवार लावून दप्तरी ठेवायला घरात माणूस आहेच.