करंट हाय का?

कवठे महांकाळात मेकॅनिकांची वाण नाही. ट्रॅक्टर उघडणारे आहेत, बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर उघडणारे आहेत, उसाच्या ट्रकचा गिअरबॉक्स रस्त्याकडेला ताडपत्रीवर मांडून दिवस मावळायच्या आत परत बसवणारेही आहेत. पण ही सगळी डिझेलची मंडळी. डिझेल इंजिनात हवा दाबूनच इतकी तापते की इंधन आपोआप पेटतं, प्लग नाही की ठिणगी नाही. त्यामुळं माझ्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की ही माणसं आत डोकावतात ती माळकऱ्यानं मटणाच्या पातेल्यात डोकवावं तशी.

पद्मिनी वडिलांची. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून जी फियाट अकराशे डिलाइट बाहेर पडायची, तीच पुढं 1974 मध्ये पद्मिनी झाली. आमच्याकडं ती आली तेव्हा लग्न ठरलं की गावातले लोक आधी आमच्या गाडीची तारीख घेत आणि मग भटजीकडं जात. आता ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईनंही शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून काढली. ते कात्रण आमचे चुलते खिशात घेऊन फिरतात. ‘मुंबईला परवडंना, तुला परवडतीया व्हय?’

तिचं दुखणं असं. सकाळी चावी फिरवली की सुरू. मिरजेच्या रस्त्याला शिरढोण मागं पडलं, दंडोबाचा डोंगर जवळ आला, इंजिन चांगलं तापलं, की दोन-चार आचके, सायलेन्सरमध्ये एक फटाका आणि बंद. मेकॅनिकला फोन करावा. तो येईपर्यंत इंजिन गार. तो चावी फिरवतो, गाडी सुरू. मग तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं बायकोनंही कधी बघितलेलं नाही.

बंद गाडीभोवती पहिला प्रश्न ठरलेला: ‘गाडी उभी हाय का बंद पडलीया?’ दुसरा प्रश्न नसतो, थेट इलाज असतो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. उन्हाळ्यात तो तापतो, आत वाफ धरते, आणि त्यावर ओलं फडकं घालायचं हे पुण्यापासून पणजीपर्यंत सगळ्यांना पाठ. फडकं घातलं, गाडी सुरू झाली. फडकं वाळायच्या आत परत बंद. ‘फडकं पातळ हुतं,’ असा अभिप्राय पडला आणि पोतं आलं. टँकरच्या रांगेत उन्हाळे काढलेल्या आमच्या भागातल्या म्हाताऱ्या, माझ्या इंजिनावर कळशी रिकामी होताना बघून जे बोलल्या ते छापता येण्यासारखं नाही.

निदान केलं ते मोटर वायंडिंगवाल्या तात्यांनी. कृष्णेचं पाणी म्हैसाळहून पंपांनी टप्प्याटप्प्यानं चढवल्याशिवाय इकडं येत नाही, बाकी भिस्त बोअरवर. तेव्हा मोटर जळणं हा आमच्याकडचा चौथा ऋतू, आणि त्या ऋतूत तात्यांना जेवायला सवड नसते. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मास्तर, गार गाडी मला दावू नका. बसतो मी, चालवा. मरंल तितं उघडू.’

इतक्या लोकांत एवढं साधं कुणालाच सुचलं नव्हतं.

मेली ती नेहमीच्या ठिकाणी. तात्यांनी डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीतली मधली वायर उपसली, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं. ‘मारा स्टार्टर.’ ठिणगी पडली, पण पिवळी, मरतुकडी. ‘करंट हाय, पर जीव न्हाई.’ मग टोपी काढली. आत पॉइंट उघडतील तसा दोन्ही टोकांच्या मधे निळा-पांढरा लखलखाट. ‘प्लगात पडायची ती हितं पडतीया. कंडेन्सर गेलाय.’

पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह झटक्यात तुटावा लागतो, तरच बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. त्या घटकेला पॉइंटवरून उडी मारू बघणारा करंट कंडेन्सर पोटात घेतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे काम सेकंदाला शंभर वेळा. अंगठ्याच्या पेराएवढी ती डबी गार असताना हे बिनबोभाट करत होती. तापली की आतलं इन्सुलेशन दगा देत होतं.

कंडेन्सर हा शब्द ऐकला मात्र, जमावात चैतन्य आलं. हा तर घरचाच माणूस निघाला! प्रत्येकाच्या शेतात, मोटरच्या पेटीत तो असतोच. एकजण मोटारसायकलवर गेला आणि मुठीत न मावणारा, पन्नास मायक्रोफॅरडचा घेऊन आला. ‘मोठा हाय. कायमची कटकट मिटंल.’

‘पावसुद्धा नगं हिला,’ तात्या म्हणाले. ‘हिरीवर बसवायची हाय का गाडी?’

मग भंगारातल्या एका पेट्रोल जीपचा कंडेन्सर मिळाला. तो डेल्कोला बसेना, म्हणून तात्यांनी तो बाहेरच, बॉडीच्या बोल्टखाली अर्थ घट्ट करून लटकवला आणि वायर पॉइंटला ओढली. ‘आत शिजून मरत हुता, भाईर वारा खाईल.’ पॉइंट पॉलिश पेपरनं घासले. गॅप लावायला फीलर गेज नव्हतं. तात्यांनी खिशातून पुतण्याची लग्नपत्रिका काढली, कोपरा फाडला, तो पॉइंटमधे सरकवून स्क्रू आवळला. चावी फिरवली. मिरजेपर्यंत गेलो, आलो, गाडी एकदाही आचकली नाही. ‘मी म्हनलंच हुतं,’ असं म्हणणारे ट्रॅक्टरवाले संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटले.

तात्या पैसे घेईनात. कोपरा फाटलेली ती पत्रिकाच त्यांनी माझ्या हातात ठेवली. ‘वरातीला गाडी द्या.’

माझ्या पोटात गोळा आला. मे महिना, पहिला गिअर, पुढं डीजे, रेडिएटरला वाऱ्याची झुळूक नाही आणि हनुमानाच्या देवळापर्यंतचं अंतर कापायला दोन तास. कुठल्याच कंडेन्सरची याहून वाईट परीक्षा नसेल.

‘तात्या, तापून बंद पडली तर?’

‘पडूद्या की. सगळी भावकी म्होरं नाचतच आसती. तीच मागं आली की झालं.’